लसीच्या अफवा पिकवणाऱ्यास खुलं पत्र

अफवाबहाद्दर महाशय,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट विषयावर येते.

2018च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली आणि तुमचे मेसेज घरोघरी फिरू लागले: ‘या सुईने मुलांना पुढे मूल होणार नाही.’ 2022च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली. कोविडकाळात लसीकरण रखडलं होतं, हे खरंच. पण लस दारात आल्यावरही दार लावून घ्यायला तुम्हीच शिकवलंत. अंगभर पुरळ आणि छातीत न्यूमोनिया घेऊन मुलं कस्तुरबा रुग्णालयात दाखल झाली. साथीत काही दगावली. तिथे तुम्ही फिरकला नाहीत.

तुम्ही खोटं रचता ते खऱ्या जखमेवर. 1976मध्ये देशात साठ लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, कित्येक जबरदस्तीने. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. ते कायद्यात उतरलं नाही, पण धास्ती घराघरात उतरली. पाण्यासाठी हेलपाटे घालायला लावणारं, झोपडीवर बुलडोझर आणणारं सरकार सुई मात्र फुकट का देतं, असं एखादी आई विचारते तेव्हा ती अडाणी नसते, पोळलेली असते. 2021मध्ये औरंगाबादेत कोविडच्या लसीसाठी ‘लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही’ असा आदेश निघाला, तेव्हा तुमच्या संशयाला प्रशासनानेच खतपाणी घातलं.

दीड महिन्याच्या बाळाला लस टोचली की रात्री अंग तापतं, मांडी सुजते. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल, तर तो एका रात्रीचा ताप तुमचा पुरावा ठरतो. आईच्या काळजीवर तुम्ही पोळी भाजून घेता, याची मला सगळ्यात जास्त चीड आहे.

आमच्या आशाताई तेच दार पुन्हा पुन्हा ठोठावतात, शिव्या खातात, ताप येईल हे आधीच सांगतात आणि दुसऱ्या दिवशी बाळ कसं आहे ते बघायला येतात. विश्वास असा कमवावा लागतो, हे सरकारनेही त्यांच्याकडून शिकावं.

तुमच्याकडून एकच मागणं आहे. ज्या ज्या ग्रुपवर ते खोटं टाकलंत, तिथे स्वतःच्या नावानिशी लिहा की ते खोटं होतं. गोवराची लस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत सरकारी केंद्रात मोफत मिळते, हेही त्याखाली लिहा.

कळावे,
एक आई