सायलेन्सरवाले भाऊ

चंद्रपुरात जटपुरा गेटपाशी वाहतूक तुंबली की बाकीचे हॉर्न वाजवतात. सायलेन्सरवाल्या भाऊंना हॉर्न लागतच नाही. ते नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबतात आणि पुढचा स्कूटरवाला आपोआप नालीच्या कडेला जातो.

पूर्वी भाऊंकडे बुलेट होती. तिच्या फटाक्यांनी गल्लीतली म्हातारी माणसं भरदुपारी उठून बसत. पुढे ठेकेदारी बरी चालली, तशी भाऊंनी मोटार घ्यायचं ठरवलं. शोरूममध्ये पहिला प्रश्न अर्थातच, "मायलेज किती देते जी?" विक्रेत्याने समजावलं. व्हर्टस, स्लाव्हिया या गाड्यांचं दीड लिटरचं टर्बो इंजिन चार सिलिंडरचं. पण रस्ता सपाट आणि पाय हलका असला की मधले दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, पेट्रोल वाचतं. पाय दाबला की चारही हजर! भाऊंना हे लगेच पटलं. काम नसेल तेव्हा निम्मे मजूर बसवून ठेवायचे आणि तेवढ्या वेळची मजुरी कापायची, हा त्यांच्या धंद्याचा पायाच होता.

गाडी आली, पण मुकाट्याने आली. १५० अश्वशक्तीचं इंजिन दारात उभं राहतं आणि शेजाऱ्याला पत्ता लागत नाही, म्हणजे काय? "मंग घेऊन फायदा काय राजेहो?" भाऊंनी नागपूर गाठलं, कंपनीचा मफलर काढून माळ्यावर टाकला आणि लोटा मावेल एवढ्या तोंडाचा सायलेन्सर बसवून आणला.

शहरात रुबाब झाला. घोळ झाला मूलच्या रस्त्यावर. चिचपल्लीच्या आसपास जंगल लागलं, रस्ता मोकळा मिळाला, भाऊंचा पाय सैलावला आणि इंजिनाने दोन सिलिंडर झोपवले. स्फोट निम्मे झाले तसा आवाज जाड होऊन खाली उतरला. हाच घुमारा गिळायला कंपनीने मफलर जुळवून दिलेला असतो; तो तर माळ्यावर! गाडीत भोंऽऽ सुरू झालं. काचा थरथरल्या, सासूबाईंनी पदर कानात कोंबला. वहिनी म्हणाल्या, "अहो, गाडी रडून राहिली का?"

तेव्हापासून घुमारा उठला की भाऊ पाय दाबतात. चारही सिलिंडर दचकून जागे होतात, गाडी पुन्हा गुरगुरते आणि पेट्रोलचा काटा खाली येतो. पेट्रोल वाचवणाऱ्या इंजिनाला पैसे मोजले, त्याला कंठ फुटावा म्हणून सायलेन्सरला मोजले, आणि आता सायलेन्सरचं रडं थांबवायला पेट्रोल ओततात. हिशेब विचारला तर उत्तर तयार, "पेट्रोलचं काय घेऊन बसले, आवाज आयका ना!"

एकदा वैनगंगा ओलांडून भाऊ गडचिरोलीकडे मंडईच्या जत्रेला गेले. रात्री झाडीपट्टीचं नाटक होतं. भाऊंची गाडी मंडपामागे येऊन थांबली, तेव्हा लोकांना वाटलं, जनरेटर आला.

पाहुणे आले की त्यांना ताडोबा दाखवणं चंद्रपूरकराला चुकत नाही. तिथे मात्र भाऊंची पंचाईत होते. सफारीला स्वतःची गाडी चालत नाही. ती मोहर्लीच्या गेटवर सोडून जिप्सीत बसावं लागतं. मध्येच गाइड इंजिन बंद करायला लावतो आणि ओठांवर बोट ठेवतो. चितळाचा, सांबराचा, वानराचा कॉल आला तर वाघाचा माग लागतो, म्हणून सगळे कान टवकारून बसतात. एवढा वेळ आवाज न करता बसायची भाऊंना लग्नातसुद्धा सवय नाही. अखेर वाघ आला, रस्ता ओलांडून बांबूत शिरला. पाचोळासुद्धा वाजला नाही. पाहुणे गहिवरले. भाऊ निराश होऊन गाइडला म्हणाले, "एवढं मोठं जनावर, अन् आवाज काहीच नाही? हे बी दोनावरच चालते का?"

परतताना नाक्यावर पोलिसांनी हात दाखवला. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाजाची मर्यादा मोडणाऱ्यासाठी आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि लायसन्सवरही तीन महिने गदा. भाऊंनी खिशात हात घातला आणि धंद्यातलं तत्त्व काढलं, "साहेब, तेव्हा दोनच सिलिंडर चालू होते. अर्धाच घ्या."

पावती पूर्ण रकमेची फाटली. कायद्याचे सगळे सिलिंडर कायम चालू असतात.