शिवार पिवळं झालं

सरकारी नोटिशीला स्वतःचं असं एक ऋतुमान असतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ती लागते तेव्हा कोरी करकरीत असते. आठवड्याभरात तिचे कोपरे आत वळतात, पावसाची एक तिरपी सर तिच्यावरचा शिक्का पसरून जाते, आणि मुदत संपत येते तेव्हा ती शेजारच्या, गेल्या सालच्या घरपट्टीच्या सूचनेची पाठची बहीण दिसू लागते. मुळशी तालुक्यातल्या माझ्या आजोळी यंदा अशी एक नोटीस लागली. गावाच्या उगवतीची, ओढ्यापलीकडची जमीन शेती विभागातून वगळून रहिवास विभागात घेण्याचे योजिले आहे, नकाशा कार्यालयीन वेळेत पाहावयास मिळेल, आणि ज्यांच्या काही हरकती अथवा सूचना असतील त्यांनी त्या 30 दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं बोट धरून निघालेलं हे सगळं एकच वाक्य होतं. पहिल्या ओळीतून आत शिरलं की थेट शेवटच्या ओळीतूनच बाहेर पडता येई. मधे टेकायला ओटा नाही की पाणी प्यायला आड नाही. गावातल्या बहुतेकांनी ते वाचलंच नाही. तरीही गिरणीतल्या दळणाच्या डब्यांच्या रांगेतून आणि डेअरीच्या काट्यावरून दोन दिवसांत ते घरोघर पोचलं, तेही सुटसुटीत होऊन: ओढ्यापल्याड बिल्डिंगी येणार आहेत, आणि आपल्याला विचारतायत.

यातली दुसरी बातमी गावाला अधिक चमत्कारिक वाटली असावी. याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणाखाली गावंच्या गावं जायची होती, तेव्हा कुणी फळ्यावर कागद लावून सूचना मागवल्या नव्हत्या. विचारायला कुणी आलं नाही म्हणून लोकच सांगायला गेले. 1921 मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापटांच्या मागे माणसं धरणाच्या कामावर गेली, तुरुंगात गेली, आणि पाणी यायचं तिथवर आलंच. माझ्या पणजीचं माहेर त्या पाण्यात आहे. दिवाळीला माहेरी जायचा विषय निघाला की ती म्हणे, “होडी मिळाली तर जाईन.” हे ती रडत म्हणत नसे, आणि हसतही म्हणत नसे, एसटीची वेळ सांगावी तसं सांगे. अशा घराण्यातल्या माणसांना एकाएकी कुणी ‘तुमचं काय म्हणणं आहे?’ असं अदबीनं विचारलं, की आधी संशय येतो, मग संकोच वाटतो, आणि एकदा तोंड उघडलं की मग थांबणं म्हणून होत नाही.

ग्रामसभेची पहिली तारीख ऐन लावणीत आली. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. ती चिखलात होती. सभा तहकूब झाली. तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. हा नियम लिहिणाऱ्याच्या समजूतदारपणाचं मला फार कौतुक वाटतं. आधी त्यानं माणसांकडून अपेक्षा ठेवली आणि लगेच खालच्या ओळीत त्यांना माफही करून टाकलं. गंमत अशी, की यायलाच हवं ही अट उठल्याबरोबर अख्खं गाव आलं. शाळेच्या वर्गात पुरुष बाकांवर बसले. त्या बाकांवर लहानपणी मार खाल्लेला असल्यामुळे पन्नाशीतली माणसंसुद्धा पाठ ताठ ठेवून बसली होती. बायका व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना धरून. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं आणि नियोजन प्राधिकरणाकडून आलेल्या तरुण साहेबांनी टेबलावर नकाशा उलगडला.

नकाशात उत्तर वर असते हे आपण शाळेत शिकतो आणि शिवारात विसरतो. गावातल्या आबांनी नकाशाकडे थोडा वेळ पाहिलं, खिडकीतून डोंगराकडे पाहिलं, आणि शांतपणे तो कागद फिरवून डोंगर डोंगराच्या दिशेला आणला. आता त्यावरची सगळी अक्षरं साहेबांना उलटी दिसू लागली. पण बिचारा भला माणूस. पुढची चर्चा त्यानं मान वाकडी करूनच सुरू केली. मग प्रश्न निघाला रंगाचा. नगररचनेच्या नकाशात शेती हिरवी आणि रहिवास पिवळा रंगवतात. ओढ्यापलीकडचा मोठा तुकडा पिवळाधमक झाला होता. “एवढं रान पिवळं का पडलंय?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “युरिया कमी पडला का काय?” साहेब हसले, पण विचारणारा हसला नव्हता. पिवळ्या रंगाचा त्याचा अनुभव तेवढाच होता: पिकाला काहीतरी कमी पडतं तेव्हा ते पिवळं पडतं, किंवा मग ते कापणीला आलेलं असतं. नकाशाला यातलं कोणतं म्हणायचं होतं, हे मलाही अजून ठरवता आलेलं नाही.

साहेब गट नंबरांनी बोलत होते आणि गाव नावांनी. जमिनींच्या एकत्रीकरणात गट नंबर पडले त्यालाही आता किती वर्षं झाली. 1947 च्या कायद्याची ती देणगी. पण गावानं ते नंबर सातबाऱ्यापुरतेच ठेवले, आणि सातबारा ट्रंकेत. बोलताना अजून ‘आंब्याचं वावर’ असतं, जिथला आंबा माझ्या जन्माआधीच पडला. ‘थोरली ताल’ असते, जी धाकटीपेक्षा लहान आहे. आणि ‘भांडणाचा तुकडा’ असतो, ज्याच्यावरून भांडलेले दोघे भाऊ म्हातारपणी एकाच पंढरीच्या दिंडीत चालत होते. साहेब एकेका गटावर पेन्सिल टेकवत आणि वर्गात त्या त्या जागेची गोष्ट उठून उभी राही. इथं बैल बुजला होता. इथं लग्नाचं वऱ्हाड पावसात अडकलं आणि नवरीनंच नवऱ्याला चिखलातून ओढून काढलं. साहेबांना हवं होतं पुढच्या वीस वर्षांबद्दलचं मत. गाव मागच्या साठ वर्षांचं देत होतं. त्यांनी वहीत काहीच लिहून घेतलं नाही, पण ऐकताना त्यांची मान सरळ झाली आणि उत्तर दिशा कुठे गेली हे बराच वेळ त्यांच्या ध्यानात आलं नाही.

तरुण पोरांचं म्हणणं वेगळं होतं. जमीन विकायची नाही, सगळ्यांची एकत्र करायची आणि आपणच बिल्डर व्हायचं. हडपसरला मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकरांवर हेच केलं ना? पुण्याच्या आसपासच्या प्रत्येक गावात हे वाक्य कुणीतरी बोलतंच, आणि त्यात चूक काहीच नाही. फक्त त्यासाठी भावाभावांनी आधी एका कागदावर सह्या कराव्या लागतात. हे लक्षात येताच पोरं जरा गप्प झाली. निवृत्त गुरुजींनी कायदा वाचलेला होता. ते म्हणाले, 20,000 चौरस मीटरच्या वर बांधकाम गेलं तर पर्यावरणाची मंजुरी लागते, पण जनसुनावणीतून इमारतींना 2006 च्या अधिसूचनेनंच सूट दिली आहे. खाण काढायची तर आसपासच्या गावांचं ऐकायचं; घरं उठवायची तर गरज नाही. घरापासून कुणाला काय उपद्रव, असं त्या लिहिणाऱ्याला वाटलं असेल. मला त्याचा हेवा वाटला. इतकं स्वच्छ मत असायला माणसाला बहुधा शेजारीच नसावे लागतात.

हे सगळं ऐकत मी बाकावर भाच्याच्या हक्कानं बसलो होतो, आणि हळूहळू मला माझीच बसायची जागा खटकू लागली. मी पुण्यात कोथरूडला राहतो. म्हातोबाच्या टेकडीवरून खाली पाहिलं तर आज कुणाला पटणार नाही, पण तेही एक गावच होतं, त्यालाही शिवार होतं, आणि त्या शिवाराचं कुणीतरी एक दिवस आमचं घर केलं. आमच्या सोसायटीच्या आवारात एक विहीर आहे. तिच्यावर लोखंडी जाळी आहे, जाळीवर कुंड्या आहेत, आणि ‘येथे खेळू नये’ अशी पाटी आहे. ती कुणी खणली, पहिलं पाणी लागलं तेव्हा नारळ कुणी फोडला, हे आमच्या चाळीस बिऱ्हाडांपैकी एकालाही ठाऊक नाही. आम्ही यायच्या आधी कुणी सभा घेतली असती तर आमच्याबद्दल काय काय बोललं गेलं असतं! आणि आम्हाला त्या सभेला येताही आलं नसतं. नव्या घरांविषयी साऱ्यांना विचारतात, फक्त त्यांत राहायला येणाऱ्यांना विचारता येत नाही. ती माणसं अजून दुसऱ्या कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत कर्जाचे हप्ते मोजत असतात.

पाण्याचा विषय निघाला तो शेवटी, चहा फिरल्यावर. जलजीवनच्या हिशेबात खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी धरतात, आणि शहरी मापानं इमारतीतल्या माणसाला 135. विहीर दोघांना एकाच नदीकाठची. खिडकीचे गज धरून उभ्या असलेल्या अक्कांनी विचारलं, “त्यास्नी तहान जास्ती लागती का, सायेब?” साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की फ्लश असतो, वॉशिंग मशीन असतं. अक्कांनी मान डोलावली. तक्रारीचा सूर नव्हता तो. पाहुण्यांच्या पथ्याची चौकशी करावी तसं त्यांनी ते समजून घेतलं. गुरुजींनी फळ्यावर बेरीज मांडली, दोनानं भागलं आणि जाहीर केलं, “दोघांनाही 95.” वर्गानं टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, असा मध्य काढता येत नाही, ते लोक तुमच्या तिप्पट असतील. गुरुजींनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं, त्यामुळे हे त्यांना आधीच ठाऊक होतं; तरीही त्यांनी 95 पुसला नाही.

ग्रामसेवकांनी प्रोसिडिंगमध्ये ‘विषयावर सविस्तर चर्चा झाली’ असं लिहिलं. बैल, वऱ्हाड, युरिया, मगरपट्टा, सगळं त्या चार शब्दांत नीट घडी घालून बसलं. पण अक्कांना आपलं म्हणणं निराळं लिहून हवं होतं. साहेबांनी अर्जाचा नमुना काढला. अक्कांनी सांगितलं आणि साहेबांनी लिहिलं: नवीन लोकांना पहिल्या उन्हाळ्यात इथली कल्पना नसेल, टँकर मागवायची सवय नसेल, तरी टँकर गावात न आणता ओढ्याच्या पुलावर उभा करावा, म्हणजे दोन्हीकडच्या बायांना सारखंच चालावं लागेल. साहेबांनी गट नंबर विचारला. अक्कांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. “माझा कसला गट? मी ऱ्हाती हितं,” त्या म्हणाल्या. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि त्या रकान्यात ‘रहिवासी’ असं लिहिलं. त्याच्या खालचा रकाना होता ‘हरकत की सूचना’, आणि तिथं मात्र त्यांचं पेन बराच वेळ अडून राहिलं.