पळीभर तेलाचा हिशोब

पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी ठेवली की ती भाजून होईपर्यंत उठता येत नाही, आणि आमच्या असोद्यात तेवढा वेळ कुणी मुकाट्यानं बसल्याचं ऐकिवात नाही. कुपाटीच्या पलीकडे शेजारच्या मावशी असतातच. एरवी विषय सोयरिकींचा नाही तर भाऊबंदकीचा. परवा मात्र त्यांच्या नातवाला शाळेनं थोर शास्त्रज्ञांच्या आयुष्यातल्या गोष्टी लिहून आणायला सांगितल्या होत्या, आणि ते काम फिरत फिरत माझ्याकडे आलं.

“न्यूटन घ्या की,” मी म्हटलं.

“त्याचं लगीन झालं व्हतं का?”

“नाही. जन्मभर केलंच नाही.”

“मंग त्याच्या घरची काय गोष्ट सांगशीन? दुसरा कोनी सांग.”

मावशींची परीक्षा अशीच असते. माणूस कुठला, पोट कशावर भरायचा, घरात कोण कोण होतं. चरित्रं लिहिणारे हे सगळं दोन ओळींत उरकतात. मला विचाराल तर मावशींचंच बरोबर आहे.

म्हणून कापरेकर मास्तर काढले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद मोठा, आणि त्या आकडेमोडीतूनच पोराला अंकांची गोडी लागली. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत मास्तर होते. आपल्या भुसावळहून मुंबईला निघालं की नाशिकच्या पुढचं स्टेशन. संख्यांच्या एका जातीची कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनात सुचली, म्हणून त्या संख्यांचं नाव त्यांनी ‘डेम्लो’ ठेवलं. दारुड्याला जशी दारू, तशा मला संख्या, असं ते स्वतःच सांगायचे.

“येसनच म्हन की.”

“व्यसनच. तुमच्या भाऊच्या मोटारसायकलचा नंबर काय?”

“पस्तीस चोवीस.”

मी विझलेला कोळसा उचलला आणि ओट्यावर मांडणी केली. आकडे मोठ्यापासून लहान लावले, ५४३२. मग उलटे, २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तसंच केलं, ८७३० मधून ०३७८ गेले, उरले ८३५२. पुन्हा ८५३२ मधून २३५८, आणि आले ६१७४.

“आता याचंच करा,” म्हणून मी कोळसा कुपाटीवरून त्यांच्या हातात दिला. मावशी बोटांची पेरं मोजत बसल्या. ७६४१ मधून १४६७. बराच वेळ ओठ हलत राहिले, मग त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. “हे तर तेच आलं वं!”

तेच येतं. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारी आकडे सारखे नकोत. फार तर सात वेळा वजाबाकी केली की ६१७४ वर गाडी थांबते आणि तिथून हलत नाही. मास्तरांनी हे १९४९ मध्ये सांगितलं. शाळामास्तराचा पोरखेळ म्हणून पुष्कळ जण हसले. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरनं त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. तोवर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, १९६६ मध्ये बायको गेली होती, पेन्शन पुरत नव्हतं म्हणून नाशकात शिकवण्या चालल्या होत्या.

“म्हंजे नाव झालं तवा घरात सांगाले कोनी नई,” मावशी म्हणाल्या. मी वांगं फिरवलं.

“बाईमानूस नई का कोनी तुह्या यादीत?”

आहेत की. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला, पुढे सोहोनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिली आलेली. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटात अर्ज केला, तर संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला. वडील आणि काका दोघंही तिथंच शिकलेले, आणि लेकीला दार बंद! ती थेट जाऊन उभी राहिली, हटलीच नाही. शेवटी रामननी घेतलं, तेही वर्षभर अजमावून बघू या अटीवर. पुढे तिनं केंब्रिजहून १९३९ मध्ये पीएच.डी. घेतली, तीही बटाट्यावर काम करून. नंतर मुंबईत येऊन नीरा आणि कडधान्यं तपासली.

“नोबेलवाला असला म्हून काय झालं,” एवढंच म्हणून मावशींनी रामनांचा निकाल लावला. “आन् आपल्याकडचा?”

“तुम्ही पाटणादेवीला गेला होतात ना, चाळीसगावच्या पुढे?”

“नवस फेडाले. मंग?”

भास्कराचार्यांच्या घराण्याचा मागमूस तिथंच सापडतो. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४. आपलं गाव त्यांनी सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जलवीड असं लिहून ठेवलंय. ते म्हणजे पाटणच, असं आपल्याकडचे छातीठोकपणे सांगतात. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातलंच लीलावती.

लीलावतीची गोष्ट मावशींना ठाऊक होती, बरीचशी मला त्यांनीच ऐकवली. लग्नाची एकच घटका, पाण्यात सोडलेलं घटिकापात्र, पोर वाकून बघते, दागिन्यातला मोती आत पडतो, छिद्र बुजतं, घटका निघून जाते. मग बाप लेकीच्या नावानं गणिताचं पुस्तक लिहितो.

“ही गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये फारसी भाषांतरात लिहिली,” मी म्हटलं. “पुस्तकानंतर चारशे वर्षांनी.”

“चारशे? मंग कुपाटीवरचीच गोष्ट म्हनायची ते!”

आता यावर कुठला पंडित काय बोलणार?

मोत्यापेक्षा मला पाटणच्या देवळातला शिलालेख जास्त आवडतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं पाटणला मठ काढला. शके ११२८ मध्ये तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं मठाला दान लावून दिलं, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो दगड एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख संस्कृतात, पण देण्याघेण्याचा मजकूर चक्क मराठीत. बाजारात गिऱ्हाइकाकडून मठाला पाच सुपाऱ्या. तेलाचे जेवढे घाणे चालतील तेवढ्यांकडून एकेक पळी तेल. ग्रहगणित शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यात आणि भाजीत पाटणच्या तेल्याचं तेल होतं, हे मला पुस्तकातल्या कुठल्याही श्लोकापेक्षा लवकर कळतं.

मावशी गप्प झाल्या. तोवर माझी वांगी झाली होती, मी ती परातीत काढून देठ धरून सोलायला घेतली.

“पळी पळी तेल,” त्या पुटपुटल्या. त्यांच्या माहेरी घाणा होता, हे मी विसरलेच होते. “मी म्हनते, दगडावर येवढं सारं कोरलं, पन पळी केवढी ते लिवलं का त्यानं? तेल्याची पळी येगळी आन् मठाची येगळी ऱ्हायते वं माय.”