पहिल्याची सर

विमानातल्या साध्या वर्गाच्या खुर्चीत कॅप्टन अमेरिका अंग चोरून बसलाय, तोही पूर्ण पोशाखात. 2015 च्या कॉमिकमधलं हे चित्र पाहिलं आणि सॅम विल्सन हा गृहस्थ मला एकदम ओळखीचा वाटला. 'शिल्ड' या संघटनेशी बिनसलेलं, म्हणजे फुकटचं जेट बंद. पाठीला पंख आहेत हो त्याच्या! पण लांबच्या पल्ल्याला शेवटी तिकीटच काढावं लागतं.

मूळचा हार्लेमचा. वडील धर्मोपदेशक, स्वतः समाजसेवक. 1969 साली स्टॅन ली आणि जीन कोलन यांनी त्याला 'फाल्कन' म्हणून आणलं. अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशनांतला हा पहिला आफ्रिकी-अमेरिकी सुपरहिरो. सोबत रेडविंग नावाचा ससाणा. सुरुवातीला ससाणा उडायचा आणि हा खालून धावायचा. पंख मिळाले ते पुढे, ब्लॅक पँथरच्या कृपेने. एवढी वर्षं कॅप्टनच्या शेजारी उभं राहिल्यावर 2014 मध्ये मूळ कॅप्टन अमेरिका स्टीव्ह रॉजर्सच्या अंगातल्या, ताकद देणाऱ्या औषधाचा असर उतरला, तो बघता बघता म्हातारा झाला आणि कॅप्टनची ढाल सॅमकडे आली.

आणि तिथून 'पण' सुरू झाला.

हा 'पण' आपल्याला नवा नाही. सासूच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आमटी करणाऱ्या सुनेला विचारा. गाजलेल्या नाटकात मूळ नटाच्या जागी उभ्या राहिलेल्याला विचारा. छान झालं हं, पण... सॅमच्या बाबतीत तर कॉमिकमधल्या जनतेने 'ढाल परत कर' अशी मोहीमच काढली. वर त्याचा रंग काळा. त्यामुळे काही 'पण' नुसत्या आठवणीपोटी नव्हते, हे त्यालाही कळत होतं.

गडी चिडत नाही, याचाच मला राग येतो. लोकांना अडचणी सांगता याव्यात म्हणून त्याने मदतीसाठी फोनलाइन उघडली. अंगात औषध नाही, पोलादी हाडं नाहीत. आहे ती समाजसेवकाची ऐकून घ्यायची सवय. एकदा तर एका माथेफिरू शास्त्रज्ञाने त्याचा चक्क लांडगा केला. आता हे तरी त्याचं स्वतःचं म्हणावं, तर स्टीव्ह 1992 सालीच लांडगा होऊन गेलेला!

पडद्यावरचा सॅम वेगळा असला तरी नशीब तेच. पहिली भेट वॉशिंग्टनमध्ये, सकाळच्या धावण्यात. स्टीव्ह फेरीमागून फेरी त्याला मागे टाकत गेला. 2021 च्या मालिकेत तो लुइझियानात बहिणीसोबत बँकेत कर्ज मागायला जातो. जग वाचवलेला माणूस! बँकेचा साहेब ओळखतो, खूश होतो, हौसेने सेल्फी काढतो आणि कर्ज मात्र नाकारतो. कागदपत्रांपुढे ढाल काय करणार? त्यात ढाल तेव्हा हातात नव्हतीच. आपल्याला ती शोभायची नाही म्हणून यानेच ती संग्रहालयात दिलेली, आणि सरकारने तिथून उचलून भलत्यालाच दिली. अशा सरळपणाला काय म्हणावं?

याच मालिकेत त्याला आयझाया ब्रॅडली भेटतो. कृष्णवर्णीय, तेच औषध टोचलेला, सॅमच्या कितीतरी आधीचा; बक्षीस म्हणून तीस वर्षं कैद. 'पण' ऐकायलासुद्धा नाव लागतं, आयझायाचं तर नावच पुसलेलं. ढाल परत घेतल्यावर सॅमने आधी त्याचा पुतळा संग्रहालयात उभा करवला.

एक खोड मात्र जात नाही. मालिकेच्या शेवटी मारामारी आटोपली, अंगावर ब्लॅक पँथरच्या वाकांडाहून आलेला नवाकोरा पोशाख, समोर सिनेटर आणि कॅमेरे. दुसरा कुणी हात हलवून उडून गेला असता. हा उभा राहून समजावतोय. समजावतोय आणि समजावतोय. मी दोनदा घड्याळ पाहिलं. म्हणणं बरोबर होतं, हे आणखी त्रासदायक.

फाल्कनची जागा आता होआकिन टोरेस नावाच्या पोरसवदा मुलाकडे गेलीय. उत्साही आहे, उडतोही बरा. हार्लेमच्या एखाद्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने वर बघून आत्तापर्यंत म्हटलंही असेल : पोरगं चांगलं आहे, पण सॅमची सर नाही.