मेमरीसाठी कॉम्प्युटर

म्युनिक, रविवार

ती. बाबा आणि सौ. आई यांना सा. न.

फोनवर चिन्मयचं काय चाललंय विचारलंत, तेव्हा मी "कॉम्प्युटर जोडतोय" एवढंच म्हणाले. सगळं सांगत बसले असते तर तुमचं जेवण गार झालं असतं.

अमितचा २०१८ सालचा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. सुटे भाग आणून नवा घरीच जोडायचा, असं चिन्मयने जाहीर केलं. पण मेमरीचे भाव बघून अमित मटकन खालीच बसला. एआयची डेटा सेंटरं मेमरी उचलताहेत, त्यामुळे २०२५च्या शेवटापासून भाव नुसते चढताहेत. यावर चिन्मय म्हणाला, "जुन्यातल्या पट्ट्या आहेत की! १६ जीबीच्या दोन." तुमचाच नातू.

आता गंमत ऐका. या पट्ट्या डीडीआर४ जातीच्या आणि हल्ली चलती डीडीआर५ची. दोन्ही हातात घेतल्या तर मलासुद्धा फरक कळत नाही. लांबी तीच, सोनेरी दातही दोघींना २८८. फक्त खालची खाच जराशी सरकलेली. मुद्दाम सरकवलीये, नाहीतर कुणीतरी दामटून बसवेल. (कुणीतरी म्हणजे कोण, ते तुम्ही ओळखलंतच.) जुनीला १.२ व्होल्ट लागतात, नवीला १.१, आणि नवी आपली विजेची व्यवस्था अंगावरच घेऊन येते.

एएमडीच्या एएम५ सॉकेटने जुनीला दारातूनच परत पाठवलंय, इंटेलच्या डेस्कटॉपवरच्या नव्या कोअर अल्ट्रानेही. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या प्रोसेसरना मात्र दोन्ही चालतात, फक्त बोर्ड त्या त्या जातीचा बघून घ्यायचा. मग काय, १४व्या पिढीचा आय५ आणि डीडीआर४चा बोर्ड घरात आला. बटण सापडलं म्हणून कोट शिवायला टाकला! आता या बोर्डावरच्या प्रोसेसरच्या सॉकेटला पुढे वंश नाही. पुढच्या वेळी नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा तर बोर्ड आणि मेमरी दोन्ही गेली. तरी मला विचाराल तर हिशेब बरोबर आहे. चिन्मयच्या खेळांचा खरा भार ग्राफिक्स कार्डावर असतो. मेमरीवरचे वाचलेले पैसे तिकडे गेले तर बिघडलं कुठे?

काल जोडणी झाली. पट्ट्या शेजारी शेजारी नाही, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या, म्हणजे दोन्ही वाटांनी काम होतं. चिन्मयने अंगठ्याने दाबल्या, टक्-टक् आवाज झाला. बटण दाबलं तर पडदा काळाच. बोर्डावर मेमरीच्या नावाचा बारका दिवा तेवढा पेटून राहिला. अमित म्हणाला, "संपलं. म्हाताऱ्या पट्ट्या, दगा देणारच." खरं तर बोर्ड नव्या ओळखीच्या मेमरीची पहिल्यांदा तपासणी करत असतो, त्याला वेळ द्यायचा असतो. थोड्या वेळाने पडदा उजळला.

पण वेग दाखवत होता २१३३ आणि पट्टीवर छापलेलं ३२००! अमितने लगेच दुकानदाराचा उद्धार सुरू केला. चिन्मय शांतपणे म्हणाला, "बाबा, बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावं लागतं. त्याशिवाय ती छापल्या वेगाने चालत नाही." एक क्लिक केला आणि आकडा ३२०० झाला. मग त्याने जरा थांबून विचारलं, "जुन्या कॉम्प्युटरमध्ये तुम्ही केलं होतं ना चालू?"

अमित चहा टाकायला उठला. न सांगता, बरं का.

एक काम आहे. तुमच्या माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर चिन्मयला आठवलाय. त्यात डीडीआर२ आहे, ती आता कशातच बसणार नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. तरीही "आजोबांना विचारतो" म्हणाला. त्याचा फोन आला तर भंगारवाल्याला दिला म्हणून सांगा. आईलाही तेच सांगायला लावा, नाहीतर ती खाली काढून पुसून ठेवेल.

तुमची,
मनू