पोटावरचा पट्टा आणि पोटातला पट्टा

सिझर होऊन बाई घरी आली की तिच्या पोटावर तिचा स्वतःचा हक्क उरत नाही. पोटात काय जायचं ते आई ठरवते : अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशोपा. पोटाला बाहेरून काय गुंडाळायचं ते सासू ठरवते : जुनी सुती साडी, नाहीतर मेडिकलमधला वेलक्रोचा पट्टा. आणि पोट 'अजून आत कसं गेलं नाही' हे ठरवायला बारशाला आलेली प्रत्येक बाई समर्थ असते. एवढी मंडळी कामाला लागलेली असताना पोटाच्या स्नायूंना मात्र कुणी विचारत नाही, आणि ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशय-गर्भाशय तोलून धरणारे जे स्नायू असतात त्यांचं तर नावही निघत नाही. त्यांच्या व्यायामाचं दुर्दैव असं की तो दिसत नाही आणि त्याला पैसे पडत नाहीत. जे दिसत नाही आणि विकत मिळत नाही, त्यावर आपला विश्वास बसायचा कसा? पट्टा दिसतो, त्याचं बिल मिळतं, शिवाय तो कचकन ओढता येतो, म्हणजे काहीतरी केल्याचं समाधान ओढणाऱ्यालाही मिळतं.

हा काही मूठभर बायकांचा प्रश्न नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २५.४ टक्के आणि गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणं सिझरची होती. म्हणजे महाराष्ट्रात चारांतली एक. हल्ली बिकिनीच्या रेषेत जो आडवा छेद घेतात, त्याचं वर्णन फानेनस्टील या जर्मन डॉक्टरांनी १९०० साली केलं. त्यात कातडी, चरबी आणि स्नायूंवरचं चिवट आवरण कापलं जातं. पोटाचे दोन उभे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. ते बिचारे आधीच नऊ महिने ताणून एकमेकांपासून फाकलेले असतात. बाहेरचे टाके थोड्याच दिवसांत सुकतात आणि सगळे म्हणतात, 'छान भरून आलंय हो!' पण आतल्या चिवट आवरणाला दीड महिन्यात मूळ ताकदीच्या सुमारे निम्मीच ताकद आलेली असते. आता गंमत बघा : नेमका त्याच सुमाराला आपला सव्वा महिना संपतो. काल-परवापर्यंत जिला पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हते, तिच्यासमोर पाण्यानं भरलेली बादली येते. शरीराचं कॅलेंडर आणि घरातलं कॅलेंडर वेगवेगळ्या छापखान्यांतून आलेली आहेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : 'अहो, बाळ तर वरून काढलं, मग खालच्या स्नायूंना काय धाड भरलीय?' तर्क बरा आहे. फक्त त्यात आधीचे नऊ महिने धरलेले नाहीत. बाळ कुठल्याही वाटेनं बाहेर येवो, तोवर त्याचा सगळा भार याच तळावर असतो. नॉर्वेतल्या पंधरा हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. नकळत लघवी होण्याचा त्रास मूल न झालेल्या बायकांत सुमारे १० टक्के, फक्त सिझर झालेल्यांत १६ आणि फक्त नैसर्गिक प्रसूती झालेल्यांत २१ टक्के आढळला. म्हणजे सिझरनं थोडी सूट मिळते, माफी मिळत नाही.

पट्ट्याचा मी शत्रू नव्हे. पहिल्या काही दिवसांत खोकताना, उठताना, चार पावलं टाकताना त्याचा आधार वाटतो आणि दुखणं सुसह्य होतं. डॉक्टरांनी सांगितला तर जरूर लावावा. पण फाकलेले स्नायू जवळ आणायचं काम तो करत नाही, आणि श्वास कोंडेपर्यंत आवळला तर पोटातला दाब खाली, त्याच दमलेल्या तळावर जातो. खरा पट्टा पोटाच्या आतच असतो. पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू कमरेला गुंडाळल्यासारखा असतो आणि तो तळाच्या स्नायूंच्या जोडीनं काम करतो. त्याला जागं करायची रीत अशी : लघवीची नळी निघाल्यावर, डॉक्टरांना विचारून, गुडघे उभे करून पाठीवर पडायचं. श्वास सोडता सोडता वारा अडवतो तसे खालचे स्नायू आत आणि वर ओढायचे, क्षणभर धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे. सोडणं हाही निम्मा व्यायाम आहे. मांड्या, कुल्हे आणि कपाळ यांना यात काहीही काम नाही. तरी सुरुवातीला कपाळावरच सर्वांत जास्त आठ्या पडतात. लघवी करताना ती अडवून सराव करू नये. आणि पहिल्याच महिन्यात पोट कमवायला पाठीवर पडून उठून बसायचे व्यायाम तर नकोच. पलंगावरूनसुद्धा आधी कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन उठावं.

'आमच्या आज्या तिसऱ्या दिवशी शेतात जात, त्यांना कुठे व्यायाम होता?' नव्हता. त्यांचं सिझरही झालं नव्हतं. आणि अंग बाहेर येणं हा शब्द आपल्या गावोगाव काही पुस्तकांतून पोचलेला नाही. ते दुखणं त्या आज्यांनीच मुकाट काढलं. दुसरा लाडका आरोपी म्हणजे पाठीतलं इंजेक्शन. कंबर दुखली की सुई दोषी! भुलीच्या त्या सुईनं कंबरेचं कायमचं दुखणं लागतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सैल पडलेलं पोट आणि दिवसातून दहादा वाकून पाजणं, यांच्यावर मात्र कुणी फिर्याद करत नाही. राहिली या व्यायामाची लाज. हठयोगात मूलबंध म्हणून जवळपास हीच क्रिया आहे, आणि मोक्षासाठी करणाऱ्याला तिची लाज कधी वाटली नाही. मग शिंकताना कपडे कोरडे राहावेत एवढ्या माफक अपेक्षेनं करणाऱ्या बाईलाच का वाटावी?

वेळ नसतो, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो घरच्यांनी सोडवायचा आहे. नकळत लघवी होत असेल तर ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेची शिफारस आहे : दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठ आकुंचनं, किमान तीन महिने, तेही जाणकाराच्या देखरेखीखाली. देखरेख यासाठी की काहींचे स्नायू सैल नसून उलट आखडलेले असतात, आणि त्यांना आवळायला नाही, सोडायला शिकवावं लागतं. फ्रान्समध्ये या प्रशिक्षणाचा खर्च सरकारी आरोग्यविमा देतो. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर लोहाच्या गोळ्या असतात, कॅल्शियम असतं, टाके तपासायची तारीख असते. तिथेच खाली 'सहा आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टला दाखवा' एवढी ओळ लिहायला डॉक्टरांना अर्धा मिनिट लागेल. ती लिहिलेली नसेल, तर घरी निघण्यापूर्वी मागून घ्या.