साडेतीनशे सीसीच्या अलीकडे

हल्ली कुणाला स्थळ सुचवायचं म्हटलं की लोक दहादा विचार करतात. मोटारसायकल सुचवताना मात्र एकदाही करत नाहीत. बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी नुसतं म्हणालो, "गाडी बदलावी म्हणतोय." समोरच्याचा घास अजून तोंडातच होता, तरी त्याने एक गाडी सुचवली. शेजारच्याने नेमकी तीच का घेऊ नये ते सांगितलं. आणि आमचे कॅशियर, जे आजही मुलाच्या जुन्या स्कूटरवरून येतात, त्यांनी डब्याला झाकण लावता लावता निकाल दिला, "काहीही घ्या, पण अ‍ॅव्हरेज विचारून घ्या."

माझ्याकडे यामाहाची आर-फिफ्टीन आहे. चाळिशी उलटल्यावर घेतली, त्यामुळे सोसायटीत पहिले काही महिने सगळ्यांची समजूत होती की ही मुलाची. मला मुलगी आहे. १५५ सीसी, १८.४ अश्वशक्ती, वजन १४२ किलो. हँडल खाली, पाय मागे, छाती टाकीकडे. घेतली तेव्हा माझी फक्त छाती टाकीकडे जायची. आता तिच्या आधी पोट पोचतं. पण कात्रजच्या घाटात सकाळी सहाला रस्ता मोकळा असताना ती वळणात जशी झुकते, त्यासाठी मी अजून काही वर्षं कंबर शेकायला तयार आहे. कंबरेचं मत वेगळं आहे आणि सध्या घरात तिचं ऐकलं जातं.

जगाच्या हिशेबात ही नवशिक्याची गाडी. इंग्लंडात सतरा वर्षांच्या पोराला १२५ सीसीवर सुरुवात करावी लागते, तीही ११ किलोवॉटच्या आत. एकोणिसाव्या वर्षी पुढची परीक्षा दिली की ३५ किलोवॉटपर्यंत मुभा, आणि मग आणखी दोन वर्षं थांबून, पुन्हा परीक्षा देऊन हवी ती गाडी. माणूस पायरी पायरीने वर जातो. आपल्याकडे आरटीओच्या मैदानात मेव्हण्याच्या स्प्लेंडरवर पाय न टेकवता आठ काढला की सरकारचा तुमच्यावर इतका विश्वास बसतो, की त्याच लायसनवर संध्याकाळी हजार सीसीची गाडी घरी आणता येते. मधल्या पायऱ्या सरकारने बांधलेल्या नसल्यामुळे त्या बांधायचं काम नातेवाइकांकडे आलं आहे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, आणि त्याच्या मते मोटारसायकल एकच आहे. "मामा, तू थ्री-नाइंटी घे. विषय हार्ड." ड्यूक ३९० म्हणजे आता ३९९ सीसी आणि ४६ अश्वशक्ती. आपल्या चाकणलाच बनते, म्हणजे स्वदेशीचा मुद्दाही त्याने सोडला नाही. मी म्हटलं, "अरे, एवढी शक्ती घेऊन मी कुठे जाऊ?" तो म्हणाला, "कुठे जायचं नसतं मामा, असायला लागते."

मेव्हणा साडेसहाशेचा. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर, दोन सिलिंडर, ४७ अश्वशक्ती. "घ्यायची तर एकदाच मोठी घ्या दाजी, शेवटची." शेवटची हा शब्द मला खटकला, पण तो विमा एजंट असल्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

आणि वरच्या मजल्यावरचे काका. यांच्यासमोर मोटारसायकल हा शब्द काढू नये असा सोसायटीचा अलिखित नियम आहे, कारण मग लिफ्ट अडकते. काकांकडे ऐंशीच्या दशकात राजदूत साडेतीनशे होती. यामाहा आरडी-३५० ची आपल्याकडे एस्कॉर्ट्सने काढलेली आवृत्ती, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, जुळे सिलिंडर. पेट्रोल इतकं प्यायची की काकांच्या वडिलांनी टाकीला कुलूप लावलं होतं म्हणे. "तिची फायरिंग ऐकली असतीस ना," काका लिफ्टचं दार पायाने अडवून म्हणाले, "तर आताच्या गाड्यांना तू मिक्सर म्हणाला असतास." घेऊ काय, याचं उत्तर काकांकडे नव्हतं. त्यांच्या लेखी मोटारसायकली १९९० च्या सुमारास संपल्या.

हे सगळं चालू असताना सरकारनेच एक रेघ मारून दिली. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि साडेतीनशेच्या वरच्या गाड्यांवर, जिथे आधी सेससकट ३१ होता, तिथे ४० झाला. चाळीस टक्क्यांच्या त्या कप्प्यात आणखी कोण आहे ते मी वर्तमानपत्रात मुद्दाम वाचलं. खासगी विमानं आहेत. हौसेच्या यॉट आहेत. म्हणजे ३४९ सीसीची गाडी घेणारा बँकेतला क्लार्क, आणि ३९९ ची घेणारा तोच क्लार्क यॉटवाल्यांच्या पंगतीला. पन्नास सीसीत माणूस कुठून कुठे जातो.

विम्याचंही तेच. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. दीडशे ते साडेतीनशे सीसीला तो ७,३६५ रुपये, आणि साडेतीनशे ओलांडली की १५,११७. मेव्हण्याने हे दर मला तोंडपाठ सांगितले आणि सांगता सांगता स्वतःच इंटरसेप्टरवरून थोडा मागे सरकला. काहीही म्हणा, महाराष्ट्राला साडेतीन हा आकडा मानवतो. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीनच. जीएसटी कौन्सिलमध्ये आपलं कोणीतरी जोर लावून बसलं असावं असा मला संशय आहे.

शक्तीच्या हिशेबाबद्दल एक सांगतो, कारण इथे बहुतेक जण फसतात. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर दुचाकीला वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर. शहरात ६०. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही, अटल सेतूवरही नाही. म्हणजे माझी छोटीशी आर-फिफ्टीनदेखील कायद्याला जेवढा वेग चालतो त्याहून कितीतरी जास्त पळते. ४६ काय आणि ४७ काय, जुन्या हायवेने टेम्पोच्या मागून खंडाळ्याला जाताना त्यातले तीसेक घोडे नुसते चारा खात उभे. खरा फरक पडतो तो टॉर्कमध्ये, आणि तो शोरूममध्ये कोणी समजावत नाही. आर-फिफ्टीनचा टॉर्क १४.२ न्यूटन-मीटर, तोही साडेसात हजार आरपीएमला. पौड फाट्याच्या सिग्नलवरून डबलसीट निघायचं तर इंजिन बोंबलत ठेवावं लागतं, नाहीतर मागचा रिक्षावाला आपल्या पूर्वजांची आठवण काढतो. रॉयल एनफिल्डच्याच क्लासिक आणि हंटर या गाड्यांतल्या ३४९ सीसीच्या संथ इंजिनाला २७ न्यूटन-मीटर मिळतात, आणि ते चार हजारालाच. तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा आणि विसरा.

डबलसीटचा विषय निघालाच आहे, तर खरं दुखणं तिथेच. आर-फिफ्टीनच्या जातीच्या गाड्यांना मागे जी सीट असते ती सीट नव्हे, आशा असते. तळहाताएवढी रुंद, पुढे उतरती आणि पुढच्या सीटपेक्षा चांगली वीतभर उंच. बायको तिच्यावर चढते ते माझ्या खांद्यावर हात ठेवून, एका पायावर, "हलू नकोस" असं बजावून. बसली की तिला माझ्या हेल्मेटवरून थेट नळ स्टॉपपर्यंतचं दिसतं. मी ब्रेक दाबला की ती घसरत पुढे येते आणि तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्क आपटतं. मग दोघंही जागच्या जागी, पुढचा स्पीडब्रेकर येईपर्यंत. टक्क किती मोठं आहे त्यावरून मला घरी गेल्यावर काय ऐकायचं आहे ते कळतं. लक्ष्मी रोडवर तर ते तारायंत्र अखंड चालू असतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं अर्धं चाक झाकणारं साडीगार्ड हवं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. गाडीसोबत ते येतंही. गाडीची शोभा जाते म्हणून बहुतेक मालक पहिल्याच आठवड्यात ते काढतात. माझं माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी.

गंमत म्हणजे मी जितकी माहितीपत्रकं जमवली त्यांत पुढच्या सीटची उंची मिलिमीटरमध्ये होती. आर-फिफ्टीन ८१५, क्लासिक ८०५, हंटर ७९०. बोअर, स्ट्रोक, कॉम्प्रेशन, सगळं दशांशात. मागच्या सीटची उंची एकाही पत्रकात नाही. मागे कोणी बसतं हे कंपन्यांच्या गावीच नाही. बायकोने पत्रक उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "अरे, यात माझं काहीच नाही."

शोरूममध्ये मी एकटा गेलो होतो. आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. वर यायला जो चढ आहे तो बिल्डरने स्कूटरचा काळ गृहीत धरून बांधला असावा. सकाळी एखादी चारचाकी आडवी लावलेली असली की गाडी बंद ठेवून, हँडल धरून, मागे-पुढे करत काढावी लागते. त्यामुळे माझी कसोटी ठरलेली होती.

"सर, टेस्ट राइड घेणार ना?" टाय लावलेल्या मुलाने विचारलं.

"घेतो. आधी जरा ढकलून बघू का?"

"ढकलून?"

"इंजिन बंद. न्यूट्रलमध्ये. तो फुटपाथचा चढ आहे ना, तिथपर्यंत."

त्याने माझ्याकडे कणवेने पाहिलं. "सर, ही बटणस्टार्ट आहे."

समजावून सांगितल्यावर त्याने मॅनेजरना विचारलं. मॅनेजरनी चष्म्यावरून मला पाहिलं, मग मान हलवली. दसऱ्याची गर्दी होती, एका गिऱ्हाइकासाठी वाद कोण घालणार. साडेसहाशेपासून सुरुवात केली. दोनशे किलोंच्या वरचा ऐवज. मी ढकलत होतो आणि गाडी विचार करत होती. चढाच्या तोंडाशी ती थांबली, मग ठाम निर्णय घेऊन माझ्या दिशेने परत यायला लागली. टायवाला मुलगा, वॉचमन आणि एक अनोळखी आजोबा, असे तिघे धावले. आजोबा जाता जाता म्हणाले, "बजाजची चेतक बरी होती." क्लासिक भरते १९५ किलो, ती चढाच्या मध्यापर्यंत गेली आणि तिथे आम्ही दोघंही दम खात उभे राहिलो. हंटर १८१ किलो. ती वर गेली. शोरूममधल्या दोन मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्या कुचेष्टेच्या होत्या की कौतुकाच्या, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेला बायकोला घेऊन गेलो. तिने गाडीकडे पाहिलंच नाही. सरळ मागच्या सीटजवळ गेली, एका हाताने मूठ धरली आणि एका दमात बसली. माझा खांदा लागला नाही. "चल, त्या सिग्नलपर्यंत जाऊन ये," म्हणाली. गेलो. ब्रेक मारला. टक्क झालं नाही. परत आल्यावर ती टायवाल्या मुलाला एवढंच म्हणाली, "रंग कोणते आहेत?" एक्स-शोरूम, ऑन रोड, टेफ्लॉन कोटिंग, सीट कव्हर, क्रॅश गार्ड हा पुढचा सगळा पाठ त्याने म्हटला. टेफ्लॉनपाशी तिने त्याला थांबवलं.

भाच्याला फोन केला. थोडा वेळ पलीकडे शांतता. मग म्हणाला, "मामा, अठरा पॉइंट चारवरून वीसवर? दोन हॉर्सपॉवरसाठी? याला अपग्रेड म्हणत नाहीत." एकोणचाळीस किलो जास्त, वळणात मंद, टॉप स्पीड कमी. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. कात्रजच्या घाटात सकाळी सहाला मला जुनी गाडी आठवणार आहे, हेही मी त्याला कबूल केलं. पण सकाळी सहाला कात्रजला मी कितीसा जातो? संध्याकाळी सातला कर्वे रस्त्यावर मात्र रोज असतो. गाडी सातच्या हिशेबाने घ्यावी. आणि निदान खर्चापुरतं तरी मला यॉटवाल्यांपासून चार हात लांब राहायचं आहे.

तर हंटर बुक केली आहे. तुमच्यापैकी कोणी छोट्या स्पोर्ट्स बाइकवरून पुढची गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर इंजिन बंद करून चढावर ढकलून पाहा आणि मागे बसणारं माणूस पहिल्याच खेपेला बरोबर न्या. सीसीची चर्चा घरी, जेवणानंतर. आणि कुणाला सिंगल सीट फिरायला एक झकास आर-फिफ्टीन हवी असेल तर सांगा. पहिला मालक, कागदपत्रं साफ, टायर नवे. साडीगार्ड माळ्यावरून काढून देईन, कोरं आहे.